कंट्रोलरला घरी बसवलं, मग पुढे?

नभांगण

मंडळी, जून २०२४ मधला मुंबई विमानतळावरचा तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. पुढे एअर इंडियाचं विमान उड्डाणासाठी धावतंय आणि त्याच धावपट्टीवर मागून इंडिगोचं विमान टेकतंय. व्हिडिओ सगळीकडे फिरला, डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने, चौकशी लावली आणि विमानांना रेडिओवरून सूचना देणाऱ्या हवाई वाहतूक कंट्रोलरला ड्युटीवरून उतरवलं. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत विस्ताराच्या एका विमानाला धावपट्टी ओलांडायला सांगितलं होतं आणि त्याच धावपट्टीवर विस्ताराच्याच दुसऱ्या विमानाला उड्डाणाची परवानगी दिली होती. ओलांडणाऱ्या विमानाच्या कॅप्टनबाईंनी आवाज दिला म्हणून दुसरं थांबलं. मार्च २०२३ मध्ये काठमांडूजवळ एअर इंडिया आणि नेपाळ एअरलाइन्सची विमानं धोकादायक जवळ आली, तिथेही कंट्रोलरना कामावरून दूर केलं.

प्रत्येक बातमी इथेच संपते. 'संबंधितांवर कारवाई' झाली की आपण पान उलटतो. माझं मत असं की फाइल बंद करायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे आणि त्याने पुढची घटना टळत नाही. कुणी या क्षेत्रातलं असेल तर लिहा. नसेल तरी लिहा, तसंही आपण थांबतो कुठे.

भटका_जोशी

शीर्षक वाचून वाटलं मुलांच्या व्हिडिओ गेमबद्दल आहे. आत आलो आणि पुढच्या आठवड्यातलं तिकीट आठवलं. फार उपकार झाले, नभांगण!

मृण्मयी_क

असहमत. ड्युटीवरून उतरवणं ही शिक्षा नसते, चौकशी होईपर्यंतची खबरदारी असते. दोनतीनशे जीव ज्याच्या एका वाक्यावर आहेत त्याच्या हातून काही घडलं, तर दुसऱ्या दिवशी त्यालाच पुन्हा माइक द्यायचा? आणि 'यंत्रणेचा दोष' म्हणजे शेवटी कुणाचाच नाही. वकिली करताना हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता कानाला टोचतं.

खिडकीची_सीट

मी एकदा शेजारून उलट दिशेला जाणारं विमान इतकं जवळून पाहिलंय की शेपटीवरचं चिन्ह ओळखू आलं. पापणी लवायच्या आत गेलं. हवाई सुंदरीला विचारलं तर हसली फक्त. तो 'नियर मिस', म्हणजे थोडक्यात टळलेली टक्कर, होता का?

तीन_पट्ट्या

@खिडकीची_सीट, जवळजवळ नक्कीच नाही. साधारण २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात समोरासमोरच्या विमानांत उभं अंतर १,००० फूट ठेवतात. म्हणजे तीनशे मीटर. दोघांचा वेग मिळून ताशी १,८०० किलोमीटर होऊ शकतो, त्यामुळे डोळ्यांना ते भयंकर वाटतं. आम्हालाही वाटतं, पण ते नियमात बसतं. आडवं अंतर मार्गावर साधारण ५ नॉटिकल मैल आणि विमानतळाजवळ ३. उभं आणि आडवं दोन्ही एकाच वेळी मोडलं तर 'सेपरेशन गेलं'. एक शाबूत असेल तर सगळं ठीक.

(हो, मी वैमानिक आहे. को-पायलट. कंपनी विचारू नका.)

भटका_जोशी

आयडीवरून खांद्यावरच्या पट्ट्या मोजल्या होत्या आम्ही.

मनोऱ्यावरचा

मी बरीच वर्षं 'चॅनल'वर बसलो, आता निवृत्त आहे. चॅनलवर बसणं म्हणजे हेडसेट लावून एका सेक्टरची, म्हणजे आकाशाच्या एका तुकड्याची, जबाबदारी घेणं.

मृण्मयीताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे. घटनेनंतर माणसाला उठवावंच. आम्ही स्वतःच उठवतो, कारण हात थरथरत असताना पुढची दहा विमानं कशी सांभाळणार? गडबड त्यानंतर होते, तो माणूस म्हणजेच कारण असं धरलं की.

१ जुलै २००२, युबरलिंगेन. जर्मनी-स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं आकाश, ताबा झुरिककडे. मध्यरात्रीच्या सुमारास बश्किरियनचं तुपोलेव्ह आणि डीएचएलचं मालवाहू ७५७, दोन्ही ३६,००० फुटांवर, एकमेकांच्या वाटेत. खोलीत दोन कंट्रोलर, त्यातला एक विश्रांतीला गेलेला. ही तिथली रोजची पद्धत, वरिष्ठांना ठाऊक असलेली. उरलेला एकटा दोन खुर्च्या सांभाळतोय. त्या रात्री यंत्रणेची दुरुस्ती चालू, त्यामुळे पडद्यावर टकरीचा इशारा दिसण्याची सोय बंद. मुख्य फोनही बंद. त्यातच फ्रीडरिशहाफेनला उतरणारं एक उशिरा आलेलं एअरबस. त्याच्यासाठी तो तिथल्या मनोऱ्याला फोन लावतोय आणि फोन लागत नाहीये. शेजारच्या कार्ल्सरूहेच्या कंट्रोलरना पडद्यावर टक्कर दिसत होती. तेही झुरिकला फोन लावत राहिले.

त्याचं लक्ष गेलं तेव्हा एक मिनिटही उरलं नव्हतं. ७१ माणसं गेली, त्यात ५२ मुलं. आता सांगा, 'कंट्रोलरची चूक' या दोन शब्दांत यातलं किती मावलं?

अदिती_रानडे_नाही

पुढचं त्याहून वाईट आहे. त्या अपघातात बायको आणि दोन मुलं गमावलेल्या एका माणसाने २००४ मध्ये त्या कंट्रोलरच्या घरी जाऊन त्याला भोसकून मारलं. लोकांनाही दोषी म्हणून एक चेहराच हवा असतो.

मृण्मयी_क

अदिती, हे माहीत होतं. म्हणूनच म्हणते, न्यायालयाने काम वेळेवर करायला हवं. त्याच प्रकरणात स्विस न्यायालयाने २००७ मध्ये झुरिकचं नियंत्रण चालवणाऱ्या स्कायगाइड कंपनीच्या चार व्यवस्थापकांना दोषी धरलं. तिघांना स्थगित कैद, एकाला दंड. बघा, कायदा वरपर्यंत पोचू शकतो. पण तोवर पाच वर्षं गेली होती आणि तो कंट्रोलर जिवंत नव्हता.

सांख्यिक

एक शंका. दोन्ही विमानांत टक्कर टाळणारं यंत्र असतं ना? मग कंट्रोलरने काहीही सांगितलं तरी फरक का पडावा?

तीन_पट्ट्या

तिथेच तर गोम होती. टीकॅस नावाचं हे यंत्र समोरच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरशी, म्हणजे त्याची ओळख आणि उंची रेडिओवरून कळवणाऱ्या उपकरणाशी, बोलतं. टकरीच्या अंदाजे ४० सेकंद आधी नुसतं 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' ओरडतं. २५ सेकंदांच्या आसपास आज्ञा देतं, एकाला वर, दुसऱ्याला खाली. दोन्ही यंत्रं आपसात ठरवून सांगतात, त्यामुळे दोघांनाही 'वर' असं कधी येत नाही.

युबरलिंगेनला कंट्रोलरने तुपोलेव्हला खाली जायला सांगितलं. काही सेकंदांत यंत्राने त्यांना वर जायला सांगितलं. त्यांनी माणसाचं ऐकलं. डीएचएलने यंत्राचं ऐकलं आणि तेही खाली गेलं.

याच्या १७ महिने आधी, ३१ जानेवारी २००१ ला, जपानमध्ये हेच घडलं होतं. जपान एअरलाइन्सचीच दोन विमानं, ९०७ आणि ९५८. शिकाऊ कंट्रोलरला ९५८ ला खाली न्यायचं होतं, तोंडून ९०७ गेलं. ९०७ चं यंत्र 'वर' म्हणत होतं, कॅप्टनने कंट्रोलरचं ऐकून विमान खाली घातलं. ९५८ चं यंत्र त्यालाही खाली नेत होतं. देखरेख करणाऱ्या वरिष्ठ कंट्रोलरने घाबरून सूत्रं हातात घेतली आणि हाक मारली ९५७ ला. असं विमान त्या आकाशात नव्हतंच! शेवटी ९०७ च्या कॅप्टनने समोर विमान बघून जोरात डुबकी मारली. आतली माणसं आणि ट्रॉल्या छताला आदळल्या, शंभर जण जखमी. दोन्ही मिळून ६७७ जण होते, सगळे वाचले.

आज नियम स्वच्छ आहे. यंत्राची आज्ञा आली की कंट्रोलर काहीही म्हणो, यंत्राचं ऐकायचं आणि रेडिओवर तेवढं कळवायचं. सिम्युलेटरमध्ये हे इतकं घोटवून घेतात की हात आधी हलतो.

सांख्यिक

म्हणजे जपानच्या घटनेतला धडा जगाने तेव्हाच घेतला असता, तर पुढची टळली असती?

मनोऱ्यावरचा

शक्यता होती. जपानने त्या दोन कंट्रोलरवर मात्र फौजदारी खटला चालवला. खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलं, वरच्याने फिरवलं, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. ज्या घटनेत एकही माणूस मेला नाही तिचा शेवटचा निकाल लागायला जवळपास दहा वर्षं.

भटका_जोशी

९५७ ला हाक मारणं मी समजू शकतो. आमच्या घरी आई तिन्ही भावंडांची नावं घेऊन चौथ्याला मी सापडायचो.

खिडकीची_सीट

जोशी, तुम्ही तिघेच भावंडं आहात.

भटका_जोशी

चौथं नाव कुत्र्याचं.

मनोऱ्यावरचा

हसा, पण सारखे कॉलसाइन, म्हणजे विमानांना रेडिओवर हाक मारायची नावं, हा आमचा खरा शत्रू. एकाच कंपनीची एकाच अंकाने संपणारी दोन विमानं एका फ्रिक्वेन्सीवर आली की एकाला दिलेली उंची दुसरा उचलतो. म्हणून वैमानिकाने आज्ञा पूर्ण परत म्हणायची आणि आम्ही ती कान देऊन ऐकायची. दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड. आपण जे बोललो तेच समोरून येणार असं मेंदू धरून चालतो. समोरून 'एक-तीन-शून्य' आलं तरी कानाला 'एक-दोन-शून्य'च ऐकू येतं. हे टाळायला वैमानिक परत म्हणत असताना मी पेनाचं टोक स्ट्रिपवरच्या (विमानाची माहिती लिहिलेल्या कागदी पट्टीवरच्या) आकड्यावर ठेवायचो आणि जुळला की त्यावर तिरकी रेघ. पडदे आले, स्ट्रिप गेल्या, सवय बोटांत राहिली.

चक्रधर७

सगळे कंट्रोलरची बाजू घेतायत म्हणून दुसरी बाजू. फेब्रुवारी २०२३, ऑस्टिन, अमेरिका. दाट धुकं. फेडएक्सचं ७६७ उतरतंय, परवानगी दिलेली. त्याच धावपट्टीवर कंट्रोलरने साउथवेस्टच्या प्रवासी विमानाला उड्डाणाची परवानगी दिली. काही दिसत नसताना! फेडएक्सच्या को-पायलटला धुक्यातून खालच्या विमानाचा आकार दिसला. त्यांनी विमान उचललं आणि साउथवेस्टला थांबायलाही सांगितलं. दोघांत दोनशे फुटांपेक्षा कमी अंतर उरलं होतं. यात कुठलं दुरुस्तीचं काम होतं? कुठला फोन बंद होता? हा सरळसरळ चुकीचा अंदाज आहे.

तीन_पट्ट्या

चक्रधर, अंदाज चुकला हे खरंच. पण त्या विमानतळावर जमिनीवरची विमानं पडद्यावर दाखवणारं रडारही नव्हतं. धुक्यात कंट्रोलर डोळे बांधल्यासारखा बसला होता, साउथवेस्ट धावू लागलं की नाही हे त्याला फक्त रेडिओवरून कळणार.

चक्रधर७

दिसत नसेल तर अंतर जास्त ठेवावं, हे सांगायला रडार लागतं?

मनोऱ्यावरचा

नाही लागत. चक्रधर बरोबर बोलतायत. त्या परिस्थितीत मी साउथवेस्टला थांबवून धरलं असतं आणि माझ्या हाताखालच्यांनाही तेच शिकवलं. कंट्रोलर आहे म्हणून त्याचं सगळं माफ, असं मी म्हणत नाहीये.

सांख्यिक

थोडं अवांतर. इतकं सगळं माणसाच्या कानावर आणि आवाजावर का ठेवलंय? एकविसावं शतक आहे. कंट्रोलरच्या जागी संगणक बसवा. एआय कविता करतं, विमानं नाही सांभाळणार?

भटका_जोशी

त्याच्या कविता वाचल्यात का? विमान नको रे बाबा.

तीन_पट्ट्या

@सांख्यिक, नुसतं यंत्र असून भागत नाही. २ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेडा. तटरक्षक दलाचं छोटं विमान चुकून धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं आणि वरून जपान एअरलाइन्सचं ए३५० त्यावर उतरलं. धावपट्टीवर कुणीतरी आहे हे यंत्राला कळलं होतं, कंट्रोलरच्या पडद्यावर इशाराही आला होता. कुणाचं लक्ष गेलं नाही. छोट्या विमानातले सहापैकी पाच गेले. ए३५० मधले सगळे ३७९ जण जळत्या विमानातून बाहेर पडले, सामान न घेता. (हे शेवटचं आपल्याकडे जमेल का, यावर वेगळा धागा काढा.)

खिडकीची_सीट

सामानाच्या धाग्यावर मी येते. लोक विमान थांबायच्या आधी उभे राहतात, तिथे आग लागल्यावर बॅग सोडतील?

अदिती_रानडे_नाही

चरखी दादरीचं नाव अजून कुणी कसं काढलं नाही? १२ नोव्हेंबर १९९६. सौदियाचं ७४७ दिल्लीहून निघालेलं, त्याला १४,००० फुटांवर थांबवलेलं. कझाकस्तानचं इल्युशिन दिल्लीत येत होतं, त्याला १५,०००. कंट्रोलरने कझाक विमानाला समोरून येणाऱ्या सौदियाबद्दल अंतरासकट सांगितलंही होतं. ते विमान दिलेल्या उंचीखाली घसरत गेलं. ३४९ जण, हवेतल्या हवेत झालेल्या टकरीत आजवर सर्वाधिक. ढगात पेटलेला गोळा पाहून पहिल्यांदा कळवलं ते अमेरिकी हवाई दलाच्या एका मालवाहू विमानाने.

मनोऱ्यावरचा

त्या कंट्रोलरने नियमाप्रमाणे जे करायचं ते सगळं केलं होतं. दिल्लीला तेव्हा येण्याजाण्याचा मार्ग एकच होता, बरंचसं आकाश हवाई दलाकडे होतं. पडद्यावर विमानाचा ठिपका दिसायचा, उंची दिसायची नाही. वैमानिक म्हणेल ती उंची. अपघातानंतर येणारे आणि जाणारे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारं रडार आलं आणि टीकॅस सक्तीचं झालं. तिथे निलंबित करायला कुणी सोयीचं सापडलं नाही. मला नेहमी वाटतं, म्हणूनच सुधारणा इतक्या खोलवर गेल्या.

मृण्मयी_क

काका, हे वाक्य चांगलं आहे पण पुरावा म्हणून कच्चं. ३४९ माणसं गेल्यावर सुधारणा झाल्याच असत्या, निलंबन होवो वा न होवो. माझा प्रश्न 'कुणीही मेलं नाही' अशा घटनांचा आहे. तिथे भीती नसेल तर लोक सावध का राहतील?

अनुराधा_लि

बराच वेळ वाचत होते, आता राहवलं नाही. मृण्मयी, नेमका याच प्रश्नावर एक जुना प्रसंग आहे.

१ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियात डोंगराला धडकलं. ९२ मृत्यू. कंट्रोलरने उतरण्याच्या मार्गाला परवानगी दिली, वैमानिकांनी त्याचा अर्थ 'आता लगेच खाली यायला हरकत नाही' असा घेतला. परवानगी म्हणजे नक्की काय, याबाबत दोन्ही बाजूंची समजूत वेगळी होती. चौकशीत बाहेर आलं की सहाच आठवड्यांपूर्वी युनायटेडचं एक विमान त्याच मार्गावर, तशाच गैरसमजातून, त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचलं होतं. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएपर्यंत ते पोचलं नाही, कारण पोचवायची वाटच नव्हती.

त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत स्वतःहून कळवण्याची योजना सुरू झाली. वैमानिक, कंट्रोलर, कुणीही 'माझ्याकडून असं झालं' किंवा 'असं होता होता राहिलं' हे लिहून पाठवायचं. दहा दिवसांत पाठवलं आणि ते मुद्दाम केलेलं किंवा गुन्हा नसेल, अपघात झालेला नसेल, तर सहसा दंड किंवा परवाना निलंबन होत नाही. नावं काढून टाकून माहिती सगळ्यांना खुली. तुम्ही विचारता की भीती नसेल तर लोक सावध का राहतील. भीती असेल तर ते सांगतील का, हा माझा उलट प्रश्न.

तीन_पट्ट्या

अनुराधाताईंना अनुमोदन. जवळचंच उदाहरण देतो. जानेवारी २०२२, बेंगळुरू. इंडिगोची दोन विमानं दोन समांतर धावपट्ट्यांवरून जवळजवळ एकाच वेळी उडाली आणि हवेत एकमेकांकडे वळू लागली. एकच धावपट्टी वापरायची असं ठरलं होतं, ते दुसऱ्या मनोऱ्यापर्यंत पोचलं नाही. रडार कंट्रोलरने पाहिलं आणि दोघांना वेगळ्या दिशा दिल्या म्हणून निभावलं. ही घटना तेव्हा कुठल्याच वहीत नोंदवली गेली नव्हती, असं डीजीसीएच्या हवाल्याने बातम्यांत आलं होतं. विमानतळावरच्या सगळ्यांना कळलेलं आणि कुणीच न लिहिलेलं!

चक्रधर७

यावर मी गप्प. न लिहिणं हे ऑस्टिनच्या अंदाजापेक्षा वाईट आहे.

मृण्मयी_क

अनुराधा, मुद्दा पोचला. पण कायद्याच्या नजरेतून एक फट दिसते. जो नियामक परवाना काढून घेऊ शकतो त्यालाच पत्र लिहून 'माझ्याकडून झालं' सांगायचं? मी कुठल्याही अशिलाला असा सल्ला देणार नाही. अमेरिकेत ते पत्र कुणाकडे जातं?

अनुराधा_लि

नासाकडे. नियामक वेगळा, पत्र उघडणारा वेगळा. तुमची फट त्यांनी तेव्हाच हेरली होती. सुरुवातीला नियामकानेच स्वतः योजना चालवून पाहिली, तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही.

नभांगण

आणि आपल्याकडे? २०१२ पासून एएआयबी, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणारी संस्था, वेगळी आहे ना?

मनोऱ्यावरचा

एएआयबी वेगळी आहे, पण ती अपघात आणि गंभीर घटनांची चौकशी करते. 'होता होता राहिलं' हे स्वेच्छेने कळवायची सोय आहे, नाव गुप्त ठेवू असंही लिहिलंय. ते पत्र डीजीसीएकडेच जातं.

मृण्मयी_क

मग माझ्या पहिल्या प्रतिसादातला अर्धा भाग मागे घेते. घटनेनंतर माणसाला चॅनलवरून उठवावंच, यावर मी ठाम आहे. पण उठवणाऱ्या कार्यालयाच्याच पत्त्यावर पत्रं टाकायला सांगत असाल, तर पेटी रिकामी राहिल्याचं नवल करू नका.

भटका_जोशी

तिकीट रद्द करत नाहीये. सीट मात्र आता आइलची घेतो, बाहेर काय दिसतं ते मला नकोच कळायला.